बालगंधर्व

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (जन्म : २६ जून १८८८, मृत्यू : पुणे, १५ जुलै १९६७) हे मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट आणि गंधर्व नाटक मंडळीचे चालक होते. किर्लोस्कर नाटक मंडळी व पुढे गंधर्व नाटक मंडळी यांच्या नाटकांतून त्यांनी शकुंतला, सुभद्रा, वसंतसेना, भामिनी, रेवती, रुक्मिणी, सिंधू, द्रौपदी, कान्होपात्रा अशा नायिका उभ्या केल्या. त्यांच्या गायकीचा ठसा नाट्यसंगीतावर आजही आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत शहरी मराठी तरुणींनी कसे नेसावे, कसे माळावे, कसे चालावे आणि सहन कसे करावे याचा नमुना म्हणून या पुरुष नटाकडे पाहिले गेले, हे त्यांच्या लोकप्रियतेचे दुसरे अंग होय. आज चित्रपटतारकांच्या बाबतीत जे घडताना दिसते त्याचा मराठी समाजातील पहिला मोठा दाखला म्हणून त्यांच्या कारकिर्दीकडे पाहता येते.

बालपण आणि रंगभूमीवर प्रवेश

राजहंस घराणे कृष्णाकाठच्या नागठाणे (आता सांगली जिल्हा) या गावचे. वडिलांचे नाव श्रीपादराव व आईचे अन्नपूर्णाबाई. नारायणाचा गळा लहानपणापासून गोड होता. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास पुण्यात त्याचे गाणे लोकमान्य टिळकांच्या कानावर पडले आणि त्यांनी कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटले. हे नाव पुढे इतके रूढ झाले की मूळ नाव केवळ चरित्रग्रंथांत उरले. भास्करबुवा बखले हे त्यांचे गुरू.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या मुलाकडे लक्ष पुरवले. त्याच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेत उपचार करवले आणि त्याला किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश मिळावा अशी व्यवस्था केली. १९०५ मध्ये मिरजेत ‘शाकुंतल’ नाटकातील शकुंतलेच्या भूमिकेने त्यांची कारकीर्द सुरू झाली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये याच नाटकाने संगीत रंगभूमीचा पाया घातला होता. मंडळीचे स्त्रीभूमिका करणारे थोर गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले होते आणि त्यांची जागा रिकामी होती. सतरा वर्षांच्या नारायणाने ती जागा घेतली.

पुरुषाने स्त्रीभूमिका करणे हा त्या काळचा रिवाज होता. घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांतील स्त्रीने चार लोकांसमोर गाणे किंवा अभिनय करणे निंद्य मानले जाई, तर कलावंतीण घराण्यांतील स्त्रियांना प्रतिष्ठित मंडळ्यांच्या दारात प्रवेश नव्हता. त्यामुळे रंगमंचावरची कुलीन स्त्री पुरुषाच्या देहातूनच साकारली जाई. या रिवाजाची किंमत स्त्री कलावंतांना किती मोजावी लागली, हे बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यात उघड झाले.

भामिनी

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. गोविंदराव टेंबे यांच्या चाली होत्या आणि धैर्यधराच्या भूमिकेत नानासाहेब जोगळेकर होते. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या तान्ह्या मुलीचे निधन झाले. तिकिटे विकली गेली होती. नाटक पुढे ढकलण्यास त्यांनी नकार दिला आणि भामिनीची भूमिका केली. हा प्रसंग कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सर्वत्र सांगितला जातो. त्या संध्याकाळी घरी राहिलेल्या लक्ष्मीबाईंविषयी मात्र फारच थोडे लिहिले गेले आहे.

भामिनी ही श्रीमंताची गर्विष्ठ मुलगी. गरीब सेनापतीचा ती अपमान करते आणि पुढे वनमालेच्या साध्या वेशात त्याच्या सहवासात राहून त्याच्यावर प्रेम करू लागते. एकाच नाटकात जरीची साडी आणि साधे लुगडे, ठसका आणि नम्रता असे दोन्ही रंग दाखवण्याची संधी या भूमिकेने दिली. प्रेक्षागृहातील स्त्रियांसाठीच्या स्वतंत्र जागेत बसलेल्या तरुणींनी या नाटकात काय पाहिले, याची कल्पना त्यांच्या घरच्या जीवनावरून करता येते. मराठी सुशिक्षित घरांत मुलीने आरशासमोर रेंगाळणे हा दोष होता. नटणे हे कलावंतिणीचे लक्षण समजले जाई. सणावारी दागिने घातले जात, पण ते घराच्या ऐपतीचे प्रदर्शन म्हणून. स्वतःच्या रूपाचा आनंद घेण्यासाठी नव्हे. भामिनी मात्र स्वतःच्या रूपाचा आनंद उघडपणे घेत होती आणि सभ्य समाज तिला टाळ्या देत होता. ती भूमिका करणारा पुरुष, तोही ब्राह्मण घरातला, असल्यामुळे तिच्या नटण्यामुरडण्याला कोणताही डाग लागत नव्हता.

गंधर्व नाटक मंडळी आणि अनुकरणाची लाट

१९११ मध्ये जोगळेकरांचे निधन झाल्यावर किर्लोस्कर मंडळीत कुरबुरी वाढल्या. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा तिला आश्रय मिळाला. टेंबे व बोडस पुढे यथावकाश बाहेर पडले आणि मंडळीचा सगळा भार एकट्या नारायणरावांवर आला.

मंडळीचा थाट मराठी रंगभूमीने पूर्वी पाहिला नव्हता. खऱ्या पैठण्या आणि शालू, खरे दागिने, प्रेक्षागृहात दरवळणारे अत्तर, साथीला अहमदजान थिरकवा यांचा तबला आणि कादरबक्ष यांची सारंगी. प्रेक्षकांना ते मायबाप मानत आणि त्यांच्यासमोर खोटे काही ठेवणे त्यांना कमीपणाचे वाटे. हिशेबाकडे त्यांनी कधी पाहिले नाही. या हौसेपायी मंडळी कर्जात बुडाली आणि ते फेडण्यात त्यांच्या उमेदीची अनेक वर्षे गेली.

हा थाट घरोघरी पोहोचला. नऊवारीच्या निऱ्या पायघोळ सोडण्याची पद्धत, पदर खांद्यावरून घेण्याची ढब, खोप्याची ठेवण, त्यात माळलेली वेणी, नथीचा आकडा, पोलक्याच्या बाह्या, हातातला रुमाल या सगळ्यांची नक्कल पुण्यामुंबईच्या स्त्रियांनी केली. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी बायका पेढीवर जाऊन रुक्मिणीच्या साडीसारखी साडी मागत, असे जुने लोक सांगत. त्यांची स्त्रीवेशातील छायाचित्रे घरांच्या भिंतींवर लागली. साबण, टॉनिक यांसारख्या मालाच्या जाहिरातींत त्यांचे नाव व चेहरा वापरला गेला आणि पुरुषांसाठी गंधर्व टोपीही निघाली. स्त्रीवेशात हळदीकुंकवाला जाऊन त्यांनी वाण घेतले आणि कोणाला ओळखू आले नाही, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ती पसरली यावरून लोकांना काय खरे वाटावेसे वाटत होते ते कळते.

ज्या स्त्रियांना नाटकाला जाऊ दिले जात नसे त्यांच्यापर्यंत पदांची छोटी पुस्तके आणि पुढे ग्रामोफोनच्या तबकड्या पोहोचल्या. गाणे हा घरंदाज मुलीसाठी निषिद्ध प्रांत होता. नाट्यपदाने त्यात फट पाडली. बालगंधर्वांचे पद गुणगुणणाऱ्या मुलीला कोणी कलावंतीण म्हणू शकत नव्हते. पुढे तर मुलगी पाहायला आलेल्या मंडळींसमोर तिला नाट्यपद म्हणायला सांगण्याची रीत पडली. ज्या कलेबद्दल आईला टोमणे मिळाले असते, तीच कला मुलीच्या लग्नाच्या बाजारात गुण ठरली. मुभा मिळाली, पण तिचा उपयोग परीक्षेसाठी झाला.

असे केवळ मराठीत घडले असे नव्हे. मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर जयशंकर भुधरदास भोजक यांनी स्त्रीभूमिकांमुळे सुंदरी हे नाव मिळवले आणि गुजराती घरांतील स्त्रियांनी त्यांच्या वेशभूषेचे व चालण्याचे अनुकरण केले. दोघेही जवळजवळ समवयस्क होते. दोन्ही समाजांत नवशिक्षित मध्यमवर्ग वाढत होता. आजीचा नमुना जुना वाटत होता, इंग्रज मडमेचा नमुना परका होता, आणि मधली जागा रंगमंचाने भरली.

या प्रतिमेचे मूळ अंशतः चित्रांत आहे. राजा रविवर्मा यांनी नऊवारी नेसलेल्या दमयंती, शकुंतला रंगवल्या होत्या आणि त्यांच्या छापील प्रती देव्हाऱ्यापर्यंत गेल्या होत्या. त्यांचा छापखाना मुंबईत निघून १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली येथे हलला, म्हणजे कर्जत-खोपोलीहून बोरघाट चढून गेल्यावर काही मैलांवर. त्या स्थिर चित्रांना बालगंधर्वांनी चाल आणि स्वर दिला, असे म्हणता येते.

रुक्मिणी आणि सिंधू

१९१६ मध्ये खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ आले. भास्करबुवा बखले यांनी त्याला संगीत दिले. त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी हिंगणे येथे महिला विद्यापीठाची स्थापना केली. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाला तेव्हा सात वर्षे झाली होती. म्हणजे पुण्याच्या मुलीसमोर एकाच वेळी दोन प्रतिमा होत्या : साध्या लुगड्यात पुस्तके घेऊन शाळेत शिकवायला जाणारी बाई, आणि शालू नेसून श्रीकृष्णाला पत्र धाडणारी रुक्मिणी. या दोन प्रतिमा परस्परविरोधी होत्या असे समजण्याचे कारण नाही. रुक्मिणी भावाच्या इच्छेविरुद्ध स्वतःचा नवरा स्वतः निवडते, लिहिते, निर्णय घेते. बारा-तेराव्या वर्षी न पाहिलेल्या वराशी लग्न लावून दिलेल्या प्रेक्षक स्त्रीला या नाटकाचे नावच पुरेसे होते. पौराणिक कथेच्या आडोशाने प्रेमविवाहाचा विचार तिच्यापुढे मांडला गेला आणि बरोबर आलेल्या सासूलाही तो गोड वाटला.

‘एकच प्याला’ची गोष्ट वेगळी आहे. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले आणि त्यानंतर महिन्याभरातच गंधर्व मंडळीने हे नाटक रंगमंचावर आणले. दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराची पत्नी सिंधू ही बालगंधर्वांची सर्वांत गाजलेली भूमिका ठरली. श्रीमंत माहेर सोडून, ठिगळाच्या लुगड्यात दळण दळणारी, मरताना नवऱ्यावर ठपका येऊ नये म्हणून धडपडणारी सिंधू पाहताना प्रेक्षागृह हुंदके देई. शालूतील रुक्मिणीइतकेच फाटक्या लुगड्यातील सिंधूचे रूपही मोहक होते आणि खरी अडचण तिथेच आहे. सोसणे सुंदर दिसू लागले. त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती दारुड्या नवऱ्याला फाडफाड बोलते, आपली बाजू मांडते. गीतेचे अनुकरण कोणी केल्याची आठवण कुठे सापडत नाही. तिच्या वाट्याला ना ते रूप आले, ना तो गळा.

यात नटाचा दोष किती आणि नाटककाराचा किती, हा प्रश्न समीक्षकांनी अनेकदा चर्चिला आहे. बालगंधर्वांनी सिंधू समरसून केली. तिचा आदर्श व्हावा असा त्यांचा काही हेतू नव्हता. तरीही एखाद्या तरुण सुनेला सहनशक्तीचा उपदेश करताना घरची माणसे सिंधूचे नाव घेत आणि त्या नावाबरोबर तिच्या मनात उमटणारा चेहरा नारायणरावांचा असे. हाडामांसाच्या कोणत्याही बाईला त्या चेहऱ्याशी बरोबरी साधणे शक्य नव्हते. तो चेहरा रात्री रंग उतरवून झोपी जात होता. सून सकाळी पुन्हा जात्यापाशी बसत होती.

त्यांच्या नायिकांत वसंतसेना ही गणिका आहे, ‘संशयकल्लोळ’मधील रेवती नायकिणीच्या घरची आहे, कान्होपात्रा गणिकेची मुलगी आहे. रंगमंचावर या तिघींना समाजाने डोक्यावर घेतले. त्याच घराण्यांतील खऱ्या गायिकांना मात्र त्याच समाजाने घराच्या ओसरीपर्यंतही येऊ दिले नाही.

संयुक्त मानापमान

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श यांनी मिळून ‘मानापमान’चा प्रयोग केला. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी झाले. हा प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात दंतकथेसारखा सांगितला जातो. तीन महिन्यांतच केशवरावांचे निधन झाले. त्याच जुलै महिन्याच्या अखेरीस मुंबईत परळ येथे महात्मा गांधींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली. खादीचे जाडेभरडे पातळ नेसणारी, सभांना जाणारी, पुढे तुरुंगातही जाणारी स्त्री हा तरुण मुलींपुढचा नवा आदर्श तेव्हापासून आकार घेऊ लागला. शालूतल्या भामिनीने खादीच्या चळवळीसाठी निधी जमवावा, हा त्या काळाचा एक विलक्षण योग.

स्त्रिया रंगमंचावर येतात

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढे गोखले) यांनी काम केले होते. १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकर यांनी स्वतःची नाटक मंडळी काढून स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याचा प्रघात पाडला. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात प्रतिष्ठित घराण्यातील दुर्गा खोटे तारामती झाल्या, आणि १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात ज्योत्स्ना भोळे यांनी नायिका केली. घरात बोलतात तसे बोलणारी, गातानाही संवाद न सोडणारी ही स्त्री पाहिल्यावर पन्नाशीकडे झुकलेल्या पुरुषाची रुक्मिणी पाहणे नव्या पिढीला जड जाऊ लागले. मुलींच्या खोल्यांतली चित्रे बदलली. पाचवारी साडी आली, केसांची ठेवण बदलली आणि तारकांच्या नावाने नव्या फॅशन निघाल्या.

१९३४ च्या अखेरीस गंधर्व मंडळीचा मुक्काम तात्पुरता उठला. व्ही. शांताराम यांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटात बालगंधर्वांना संत एकनाथांची भूमिका दिली. अभिनय समजून केला असला तरी पुरुषवेशातील बालगंधर्व प्रेक्षकांना आपले वाटले नाहीत. बाबूराव पेंटर यांच्या ‘साध्वी मीराबाई’ (१९३७) मध्ये ते मीराबाई झाले. दुरून पाहताना रंगमंचावर जे खरे वाटत असे ते कॅमेऱ्याने जवळून दाखवले आणि जादू ओसरली. ते पुन्हा नाटकाकडे वळले.

गोहरबाई

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडळीत गोहरबाई कर्नाटकी आल्या. त्या मूळच्या विजापूरच्या. चित्रपटांतील प्रसिद्ध गायिका-अभिनेत्री अमीरबाई कर्नाटकी या त्यांच्या भगिनी. गोहरबाईंनी बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकून ती गायकी इतकी आत्मसात केली होती की डोळे मिटून ऐकणाऱ्याचा घोटाळा होई. मंडळीत त्या नायिकेच्या भूमिका करू लागल्या. पुरुषाने घडवलेल्या स्त्रीच्या प्रतिमेवर स्वतःला घडवणारी खरी स्त्री त्या प्रतिमेच्या निर्मात्यासमोर उभी राहावी, असा प्रसंग रंगभूमीच्या इतिहासात क्वचितच घडला असेल. लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर पुढे त्या दोघांनी विवाह केला.

रसिकांना हे मानवले नाही. मंडळीच्या ऱ्हासाचे, नारायणरावांच्या दारिद्र्याचे, त्यांच्या एकाकीपणाचे सारे खापर गोहरबाईंच्या माथी फोडले गेले. त्यांचा धर्म आणि त्यांचे घराणे ही दोन कारणे त्यामागे होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. कर्ज मात्र त्या येण्याच्या कितीतरी आधीचे होते आणि बोलपटाने नाटक मंडळ्या बंद पाडल्या त्या सर्वच चालकांच्या. बालगंधर्वांच्या पायांतील शक्ती गेल्यावर त्यांची शुश्रूषा गोहरबाईंनी केली. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. रुक्मिणीसारखे दिसण्यासाठी धडपडलेल्या पिढीने रुक्मिणीसारखे गाणाऱ्या बाईला आपले म्हटले नाही. अलीकडच्या काळात गोहरबाईंकडे स्वतंत्र कलावती म्हणून पाहणारे लेखन होऊ लागले आहे.

कर्जत-खालापूर परिसर आणि बालगंधर्वांची प्रतिमा

मुंबई आणि पुणे ही गंधर्व मंडळीची दोन मोठी ठाणी. त्यांच्या मधल्या लोहमार्गावर घाट चढण्यापूर्वी गाडीला जादा इंजिन लावण्याचे ठिकाण कर्जत. पडदे, पेटारे आणि माणसे असा नाटक मंडळ्यांचा सरंजाम याच वाटेने ये-जा करी. मात्र त्या वाटेच्या दोन्ही बाजूंच्या भातखाचरांत लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून आवणी करणाऱ्या कुणबी बाया किंवा डोंगरावरच्या ठाकर, कातकरी वाड्यांतल्या स्त्रिया यांच्यापर्यंत रुक्मिणीची पायघोळ नऊवारी पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. चिखलात ती चालत नाही. ज्या फॅशनने मराठी स्त्री घडवली असे ढोबळपणे लिहिले जाते ती शहरांतील पांढरपेशा घरांची होती, हे लक्षात ठेवावे लागते.

सुमारे शतकानंतर ती प्रतिमा या परिसराशी वेगळ्या नात्याने जोडली गेली. कर्जतच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, खालापूर तालुक्यातील चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओचे संस्थापक, कला दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी ‘बालगंधर्व’ (२०११) या चित्रपटाची निर्मिती केली. दिग्दर्शन रवी जाधव यांचे असून सुबोध भावे यांनी बालगंधर्वांची, तर विभावरी देशपांडे यांनी लक्ष्मीबाईंची भूमिका केली. पार्श्वगायनासाठी आनंद भाटे आणि वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. या चित्रपटानंतर नथ, खोपा आणि नऊवारी यांची नव्याने हौस आली, हे मंगल कार्यालयांत आणि गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत दिसते. ही नऊवारी बहुधा शिवून घेतलेली असते.

उत्तरायुष्य व सन्मान

बालगंधर्वांना १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. सन्मान आले तेव्हा हातात पैसा नव्हता आणि शरीर साथ देत नव्हते. भेटायला येणाऱ्या लहानथोरांना ते जुन्या सवयीने देवा म्हणून हाक मारत. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजी त्यांच्याच हस्ते बसली. वास्तू पूर्ण होण्यापूर्वी, १५ जुलै १९६७ रोजी, त्यांचे निधन झाले. रंगमंदिराचे उद्घाटन त्यांच्या जन्मदिनी, २६ जून १९६८ रोजी झाले. तेथे चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी रंगवलेली त्यांची दोन मोठी तैलचित्रे आहेत, एक स्त्रीभूमिकेतील आणि दुसरे नेहमीच्या पुरुषवेशातील.